कातडी धरेपर्यंत

सकाळपासून तिच्या अंगात वारं भरलं होतं. उद्या उघडायचं. दात घासताना उद्या उघडायचं, चहा गाळताना उद्या उघडायचं, केस विंचरताना भांग भलतीकडेच गेला तरी उद्या उघडायचं. नवऱ्याने विचारलंसुद्धा, लॉटरी-बिटरी लागली की काय. ती म्हणाली, उद्या तुझ्या आईच्या पायाची पट्टी सोडणार आहेत, मांडीची कातडी काढून घोट्यावर लावली ती धरली की नाही ते कळणार आहे, आणि तू मला लॉटरीचं विचारतोस. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांशी दाराआडून बोलून बोलून त्याचा आवाज कायमचा धीराचा होऊन गेला होता. "धरेल की," तो म्हणाला आणि पाव चहात बुडवायला लागला. एरवी तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं, पण आज तिला कुणाचाही राग येत नव्हता. जिना ती दोन-दोन पायऱ्यांनी उतरली, खालच्या मजल्यावरच्या खडूस कुत्र्यालाही काय रे म्हणाली, आणि चौकात सिग्नलला उभी राहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण चक्क गुणगुणतोय. चाळिशी उलटलेली बाई, हातात डबा, आणि भर रस्त्यात गुणगुणतेय. ती स्वतःशीच हसली, कपाळावर आलेली बट मागे सारायला हात वर केला, आणि स्वेटरची बाही नाकाजवळून गेली.

गाणं तिथेच थांबलं. बाहीला वास होता. अगदी पुसट, गोडसर, किंचित आंबलेला, एखादं फळ पिकून फुटावं तसा. तिने बाही पुन्हा नाकाला लावली. हिरवा दिवा लागला, लोक रस्ता ओलांडून गेले, मागच्या माणसाने बाई, जायचंय की राहायचंय असं विचारलं आणि तोही गेला. ती तिथेच, बाही नाकाला लावून. दुसऱ्या कुणाला हा वास आला असता तर तो म्हणाला असता, छान आहे. ती मात्र हा वास ओळखत होती. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात ती ड्रेसिंगची सिस्टर. लोकांच्या जखमा धुवायच्या, टिपायच्या, झाकायच्या, आणि दुसऱ्या दिवशी उघडून पुन्हा तेच. वॉर्डात तिला 'नाक' म्हणत. पाठीमागे नाक, आणि घाई असली की तोंडावरही नाक. पट्टी सोडायच्या आधी नुसती वाकून ती आतलं सांगायची. नुसतं ओलं आहे, की पू आहे, की मांस मेलंय. आणि हा गोड वास आला की मान हलवून म्हणायची, हिरवा पाहुणा आलाय. हे नाव तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टरने ठेवलं होतं. ज्या जंतूने पू हिरवा होतो आणि गोड वास सुटतो, तो हा पाहुणा. आला की जायचं नाव घेत नाही, आणि नवी लावलेली कातडी तर त्याला मेजवानीच. एका रात्रीत फस्त करतो.

हा वास बाहीला कुठून लागला, ते तिला विचार न करताच कळलं. काल ड्युटी संपल्यावर कपडे बदलून ती सासूच्या खाटेपाशी जाऊन बसली होती, हाच स्वेटर अंगात होता. निघताना तिने गुडघ्याखाली हात घालून उशी सारखी केली होती. तेव्हाही नाकाला काहीतरी चाटून गेलं होतं, पण मन उद्याच्या उघडण्यात, आणि नाकाकडे लक्ष कोण देतंय. म्हणजे कातडी धरलेली नाही. आत पाहुणा बसलाय, आणि आपण इथे गुणगुणतोय. पुढचा सिग्नल लागायची वाट न बघता ती गाड्यांच्या मधून रस्ता ओलांडून गेली. कुणीतरी हॉर्न वाजवला, कुणीतरी तिच्या डोळ्यांची चौकशी केली. ती चालत नव्हती, जवळजवळ पळत होती, आणि भीतीबरोबरच अंगात एक विचित्र हुशारी आली होती, परीक्षेचा पेपर हातात पडण्याआधी यायची तशी. बेकरीच्या काचेवर वाफ धरली होती, एक माणूस दुकानाच्या पायऱ्यांवर बादलीने पाणी ओतत होता, ते पाणी तिच्या बुटांवर उडालं, आणि तिला सगळं नेहमीपेक्षा स्वच्छ दिसत होतं.

एकदाच, असं सासूने बजावलं होतं. ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी पेन हातात धरून तिने सुनेकडे बघितलं होतं. "तू म्हणतेस म्हणून करते. एकदाच. नाही धरली तर पुन्हा कापाकापी नाही. मग हा पाय जाईल तिकडे जाऊ दे." आणि हा पाय कुठे जाऊ शकतो ते सुनेने वॉर्डात पुष्कळ वेळा पाहिलं होतं. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग चाकाची खुर्ची. त्यातून सासूच्या रक्तात साखर. महिनोन् महिने तिनेच सासूच्या मागे लागून लागून तिला तयार केलं होतं. आता नाही धरली तर बोल कुणाला लागणार हे सांगायला जोशीबुवा नकोत. पण बोलाचं काही नाही. सासूचे बोल ऐकून ऐकून तिची कातडी केव्हाच निबर झाली होती.

लग्न होऊन त्या घरात आली त्याच दिवशी नाकाने तिला सांगितलं होतं, इथे कुठेतरी जखम आहे. उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं, लोक हसतायत, फोटो काढतायत, आणि नवी नवरी आपली हुंगतेय. सासरे तर तिने पाहिलेच नव्हते, ते आधीच गेलेले. घरात माणसं दोनच. पहिल्या रात्री तिने नवऱ्याचे पाय तपासले. बिचाऱ्याला वाटलं हा प्रेमाचा काही प्रकार असेल, त्याने गुदगुल्या होत असतानाही पाय हलवला नाही. त्याचे पाय साफ होते. म्हणजे सासू. सासूचं बटणांचं दुकान होतं. बटणं, लेस, दोरे, चेन, इलॅस्टिक. सगळा जन्म काउंटरमागे उभं राहण्यात गेला. कमरेच्या वरची बाई साऱ्या गावाला ठाऊक, ताठ मान, चष्मा, खांद्यावर मोजपट्टी, जिभेला धार. कमरेखालची बाई कुणी पाहिलीच नव्हती. उभं राहून राहून पायातल्या शिरा फुगल्या, घोट्याच्या वर कातडी काळी पडली, एके दिवशी फुटली, आणि मग ती कधी मिटलीच नाही. त्यावर जाड मोजे. ऐन उन्हाळ्यात जाड मोजे. मुलाला सांगितलं होतं, थंडी वाजते. आणि लिफ्टवाल्याने तेही धीराने मान्य केलं होतं.

सासू-सुनेचं जमलं नाही ते नाहीच. खिडकी उघडी का, खिडकी बंद का. कपाचा कान धुतला नाही. टॉवेल असा का वाळत घातला, तो माणूस आहे का फाशी द्यायला. सूनही काही कमी नव्हती, शेराला सव्वाशेर. सासूने एक म्हटलं की तिने दोन म्हटलेच. अशी वर्षं गेली, आणि वास रोज घरात हिंडत होता, आणि दोघी त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. मग एका सुट्टीच्या दिवशी नवरा कुठेतरी अडकलेल्या लिफ्टवर गेलेला असताना बाथरूममधून हाक आली. नाव नाही, काही नाही, नुसतं अगं. ती गेली. सासू लाकडी स्टुलावर बसली होती, एक मोजा काढलेला, दुसरा जखमेला चिकटलेला, आणि चेहऱ्यावर घाम. ओढायचा धीर होत नव्हता, तसाच ठेवायचा तर वास. सुनेने काही विचारलं नाही. बादलीत कोमट पाणी घेतलं, पाय त्यात ठेवला, आणि मोजा आपोआप सुटेपर्यंत खाली फरशीवर बसून राहिली. सासूने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. जखम बघून सुनेला वाईट वाटायला हवं होतं. तिला आनंद झाला. इतकी वर्षं नुसता वास, आणि आज भेट झाली. "कुणाला सांगितलंस तर याद राख," सासू भिंतीला म्हणाली. "आणि दार लाव."

तेव्हापासून रोज संध्याकाळी अर्धा तास. दार लावून. आता जखमेच्या कामाचा एक नियम आहे, म्हाताऱ्या सिस्टरने तिच्या हाडीमाशी मुरवलेला. जखम उघडी असताना तोंड उघडायचं नाही. बोललं की थुंकीचे बारीक थेंब उडतात, ते जखमेत पडतात, तोंडावर पट्टी बांधलेली असली तरी बोलायचं नाही. झाकून झालं की मग काय बडबड करायची ती करा. त्यामुळे त्या अर्ध्या तासात सून मुकी. आणि सासू, जिला बोलताना कुणी मध्ये तोंड घातलेलं जन्मात सहन झालं नव्हतं, तिला आयुष्यात पहिल्यांदा उलट उत्तर न देणारं माणूस मिळालं. पहिले काही दिवस ती भिंतीकडे बघत गप्प बसली. मग एकदा म्हणाली, आज एक बाई आली होती दुकानात, कोटाला सहा वेगवेगळी बटणं हवी होती तिला, एकसारखी नकोत म्हणाली. मग त्या बाईची गोष्ट. मग दुकान उघडलं त्या दिवसाची गोष्ट. मग सासऱ्यांची, ते वारले त्या सकाळची, की तिने आधी दुकान उघडलं आणि दुपारी बंद केलं, कारण एका मुलीला लग्नाच्या झग्याची चेन हवी होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून, पाय सुनेच्या मांडीवर ठेवून, ती सांगत गेली. कधी हसायची, आणि हसली की पाय हलायचा, सून तो घट्ट धरायची. शेवटची गाठ बसली, दार उघडलं, की खिडकी उघडी का, टॉवेल असा का. जसं काही झालंच नाही. नवऱ्याला वाटायचं या दोघी आत रोज भांडतात. बाहेर आल्यावर तो दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघायचा.

हॉस्पिटलच्या फाटकाशी येऊन पोचली तरी तिला दम लागलेला कळला नाही. आणि तिथे, फाटकाच्या आत पाऊल टाकताना, ते झालं. खोटं कशाला बोला. त्या सगळ्या भीतीच्या पोटात तिला क्षणभर बरं वाटलं. कातडी धरली नाही तर जखम राहील. जखम राहिली तर अर्धा तास राहील. ती जागच्या जागी थांबली. तिच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांनाच माहीत असते, बरा झालेला माणूस ड्रेसिंगवालीला ओळखत नाही. महिनाभर रोज तुमच्या हाताखाली विव्हळलेला माणूस बाजारात समोरून येतो आणि भाज्यांचे भाव बघत निघून जातो. त्यात त्याचा दोष नाही, त्याला ती जखमच विसरायची असते. सासू बरी झाली की मोजे काढून फेकील, स्टूल स्वयंपाकघरात जाईल, आणि मग उरेल काय तर खिडकी आणि टॉवेल. हे तिला ऑपरेशन ठरलं तेव्हापासून आतून कुरतडत होतं, फक्त इतकं उघडपणे समोर आलं नव्हतं. म्हणजे मला हा पाय सडायला हवाय, ती मनात म्हणाली, आणि तिला स्वतःची इतकी किळस आली की दुसऱ्या कुणाच्या जखमेची कधी आली नव्हती. ती जिन्याकडे धावली. आता एकच गोष्ट तिच्या हातात होती. उद्यापर्यंत थांबायचं नाही, आजच उघडायचं, आणि पाहुणा असेल तर त्याला हुसकून जेवढी कातडी वाचेल तेवढी वाचवायची. एक-एक बोटभर तुकड्यासाठी भांडायचं.

सासू खाटेवर उशांना टेकून बसली होती. पायावर कमान होती, पांघरुणाचा भार जखमेवर पडू नये म्हणून ठेवतात ती, आणि त्या कमानीखाली सुनेशिवाय कुणी हात घालायचा नाही अशी सगळ्या वॉर्डाला ताकीद. सून दिसल्याबरोबर सासूने पांघरूण ओढून घेतलं. "एवढ्या सकाळी कशाला आलीस? तुझी ड्युटी सुरू व्हायचीय." सून म्हणाली, जरा बघते, आई. वाकली. सासू म्हणाली, तिथे वाकू नकोस, काही बघायचं नाही, उद्या म्हणालेत ना उद्या. आणि हाताने पांघरुणाची कड घट्ट धरून ठेवली. हिलाही कळलंय. पुन्हा लपवायला लागली. तेवढं वाकण्यातही वास आला होता, बाहीवर होता त्याच्या दसपट, गोड, चिकट, अगदी घशात उतरणारा. ती वळली आणि सर्जनच्या खोलीकडे निघाली.

सर्जन उंच, वाकलेला, आणि बोलायला इतका संथ की वॉर्डात त्याचं नाव 'सावकाश' पडलं होतं. कुणी कितीही घाईत आलं तरी पहिला शब्द तोच. तिने दार ढकलून आजच उघडू या म्हटलं तेव्हाही तो म्हणाला, सावकाश, सिस्टर, बसा. ती बसली नाही. ताप आहे का, त्याने विचारलं. नाही. दुखतंय का? ती म्हणाली, त्या सांगायच्या नाहीत, पाय तोडला तरी म्हणतील मुंगी चावली. पट्टीवर काही आलंय? दिसत नाही, पण वास आहे, पाहुण्याचा. त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. एक दिवस आधी उघडायचं म्हणजे काय ते तिला सांगायची गरज नव्हती. कातडी अजून कच्ची, तिच्यावर अंथरलेली जाळी उचलताना तिच्याबरोबर उचलून आली की झालं, धरलेलीही जायची. नुसत्या वासावर हे करायचं का, हा प्रश्न होता, आणि तो त्याने शांतपणे तिच्यापुढे ठेवला. "तुमचं नाक नक्की म्हणतंय?" तिला क्षणभर फाटकाशी आलेला तो विचार आठवला. नाक म्हणतंय की मन म्हणतंय, हे कोण सांगणार. पण घशात तो वास अजून होता. "नक्की," ती म्हणाली.

ड्रेसिंगच्या खोलीत नेताना सासूने सारा वॉर्ड डोक्यावर घेतला. शब्दाला काही किंमत आहे की नाही, उद्या म्हणजे उद्या, मी दुकानात असं कधी केलं नाही. वॉर्डातली मावशी ढकलगाडी ढकलत होती आणि हो आजी, हो आजी म्हणत होती. खाटेवरून गाडीवर घेताना पाय हलू नये म्हणून तो त्याच्या उशीसकट उचलला होता, आणि सासू त्या उशीला दोन्ही हातांनी धरून होती. सुनेने हात धुतले, तोंडाला पट्टी बांधली, हातमोजे घातले. उजवा मोजा डाव्या हातात गेला, तो काढून पुन्हा घातला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सावकाश तिच्या शेजारी उभा राहिला आणि मान हलवली. सासूने तोंड भिंतीकडे फिरवलं. सुनेने कात्री घेतली आणि गुडघ्याखालून वरची पट्टी कापायला सुरुवात केली. पट्टी सुटली, खाली कापूस. पुढून कोरडा, पांढरा. तिने पोटरीच्या मागे बोटं घातली. ओलं लागलं. चिकट. मावशीने टाच धरून पाय किंचित उचलला, आणि कापसाच्या मागच्या बाजूला तळव्याएवढा हिरवट डाग दिसला.

झालं, संपलं, असं तिला वाटलं. तिने चिमटा घेतला आणि डागाच्या मधला कापूस उचलला. चिमट्याला काहीतरी लागलं, पातळ, हिरवं, सुरकुतलेलं. मेलेली कातडी म्हणावी तर इतकी हिरवी नसते. ते तिने बाजूच्या ट्रेमध्ये ठेवलं. पुन्हा चिमटा घातला. या वेळी काहीतरी टणक निघालं, लहान, तपकिरी, एका टोकाला निमुळतं. सावकाशने ते तिच्या चिमट्यातून आपल्या चिमट्यात घेतलं, दिव्यासमोर धरलं, आणि बराच वेळ बघितलं. "सिस्टर," तो म्हणाला, "ही द्राक्षाची बी आहे."

मग मावशीने पायाखालची उशी हळूच काढली. उशीच्या खोळीत, गुडघ्याच्या खळगीत बसेल अशा जागी, द्राक्षांचा अख्खा घड होता. होता म्हणजे निम्मा खाल्लेला, उरलेला चेंगरलेला, आणि त्याचा रस, साली-बियांसकट, खोळीच्या तोंडातून पट्टीच्या वरच्या काठाआत, कापसात. सासू भिंतीला म्हणाली, शेजारच्या खाटेवरच्या बाईने दिली, तिची लेक आणते रोज, नको म्हणणं बरं दिसलं नसतं. साखरेचं काय, सावकाशने विचारलं. सासू म्हणाली, आंबट होती. मावशी तोंडाला कोपर लावून बाहेर गेली, आणि बाहेर जाऊन काय झालं ते साऱ्या वॉर्डाला तिच्या हसण्यावरून कळलं. आणि सून? तिने वर्षानुवर्षं द्राक्ष तोंडात घातलं नव्हतं, हाच वास येतो म्हणून. त्या वासाचा दुनियेत दुसरा काही अर्थ असू शकतो हेच ती विसरून गेली होती. रस्त्यावरचं कुठलंही पोर बाही हुंगून म्हणालं असतं, द्राक्षं खाल्लीस वाटतं. तिच्या पोटातून हसू वर येत होतं, आणि पट्टीआड तिने दात आवळून धरले होते. पाहुणा नाही. पाहुणा नव्हताच. तिला वाटलं त्या सावकाशला उचलून गरकन फिरवावं.

पण गोड रसाने भिजलेली पट्टी आता ठेवता येणार नव्हती. जंतूंना दारात पाट मांडून बसवण्यातलाच तो प्रकार. म्हणजे उघडायचं होतंच, आणि आता नाकाचा काही उपयोग नव्हता, आत काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. सावकाशने हात पुढे केला नाही. तुम्हीच, असं मानेनं सांगितलं. तिने मिठाचं कोमट पाणी घेतलं आणि थेंब थेंब सोडायला लागली. कापूस निघाला. गॉज निघाला. राहिली शेवटची तुपकट जाळी. तिने एक कोपरा पकडला आणि ओढला नाही, कातडीवर आडवा, मागे मागे दुमडत नेला, केसाएवढा, मग अजून केसाएवढा, पाणी सोडत. कातडी जाळीबरोबर उचलते का तेवढंच ती बघत होती. पहिला बोटभर. उचलली नाही. दुसरा बोटभर. जाळी निघून आली. खाली, जिथे इतकी वर्षं लाल-पिवळा चिखल होता, तिथे कातडी होती. गुलाबी. एका कडेला नखाएवढा तुकडा पांढरा पडला होता, बाकी सगळी धरली होती. तिने बोटाने हलकेच दाबलं. बोटाखाली पांढरी झाली, बोट काढल्यावर परत गुलाबी. रक्त आत शिरलं होतं.

ती काही बोलली नाही. जखम उघडी होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पडू नये म्हणून तिने मान मागे केली. खोलीत सगळं गप्प, आणि त्या शांततेचा अर्थ सासूने आपल्या परीने लावला. "गेली ना?" ती भिंतीला म्हणाली. उत्तर नाही. "अगं, सांग ना. गेली का?" उत्तर नाही. मग इतक्या वर्षांत तिने जे कधी केलं नव्हतं ते केलं. कोपरावर उठली, वळली, आणि स्वतःच्या पायाकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. ओळखीचं माणूस खूप दिवसांनी दिसावं आणि हेच ते का, अशी शंका यावी, तसा चेहरा झाला होता. "हे माझं आहे?" तिने विचारलं. "तुमच्याच मांडीचं," सावकाश म्हणाला.

नवी जाळी, नवा गॉज, नवा कापूस, पट्टी. सुनेचे हात आता सवयीने चालत होते. काम संपत आलं तसं तिच्या मनात मात्र काहीतरी खाली खाली जायला लागलं. धरली. बरं झालं, चांगलं झालं, याच्यासाठीच तर सगळं. आणि शेवटची गाठ मारताना तिला वाटलं, अशा किती गाठी उरल्या आता. सावकाश सासूला पुढचं समजावत होता. अजून थोडे दिवस पट्टी, मग उघडा पाय. नव्या कातडीला स्वतःचं तेल नसतं, ती सुकते, तडकते, म्हणून रोज तेल लावून बोटांनी हलक्या हाताने चोळायचं, कित्येक महिने, कंटाळा करून चालणार नाही. काही अवघड नाही, तुमचं तुम्हालाही जमेल, तो म्हणाला. सासूने चष्मा सारखा केला.

"माझा हात तिथवर पोचत नाही," ती म्हणाली.

सावकाशने ट्रेमधल्या द्राक्षाच्या सालीकडे एकदा बघितलं. मुलगा लावेल ना, त्याने विचारलं. सासू म्हणाली, त्याला लिफ्टचं तेल कळतं. मग ती सुनेकडे वळली, आणि बोलण्याआधी तिने पांघरुणाची कड दोनदा सारखी केली. खिडकी, टॉवेल, कपाचा कान यांच्याबद्दल बोलताना जो आवाज असतो तो नव्हता.

"तुला वेळ आहे का गं?"

सुनेने तोंडावरची पट्टी खाली केली. आहे, ती म्हणाली.

"मग रोज. दार लावून," सासू म्हणाली. "आणि आता जखम नाही म्हटल्यावर तूही बोलायचं. इतकी वर्षं मी एकटीच बडबडतेय."

सुनेने तोंड उघडलं. मनात एकदम इतकं दाटून आलं, त्या फरशीवर बसून गिळलेलं सगळं, सासऱ्यांच्या त्या सकाळबद्दल विचारायचं राहिलेलं, सहा बटणांच्या बाईबद्दलचं, आज फाटकाशी मनात आलेलं तेसुद्धा, की कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना.